गोदाम रितं होईस्तोवर

नवा प्रोग्राम लिहिताना त्याच्या तोंडून पहिला शब्द कुठला वदवून घ्यायचा, याला काही नियम नाही. मी त्याला 'पास' म्हणायला शिकवलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि ते संध्याकाळच्या आत पुसून टाकायचं असं ठरलेलं होतं. ठरलेलं होतं, एवढंच मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

गोष्ट दोन हजार आठची. मी वसंत, अंबडचा. औरंगाबादला एमसीए केलं, पुण्यात दोन वर्षं घासली आणि मग नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही. ती आता दुसऱ्यांच्या हातात आहे आणि त्यांचा यात काही दोष नाही. तेव्हाचे मालक शांतिलालजी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पाच पिढ्या जालन्यात मुरलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून काम सांगितलं. दरसाल पेरणीच्या तोंडावर दुकानदारांचे आणि शेतकऱ्यांचे फोन येतात, अमुक लॉट तपासलाय का, तमुक लॉट चांगला आहे का. चार माणसं दिवसभर तेच सांगत बसतात. हे काम कॉम्प्युटरने करावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

एपीआय म्हणजे काय, हे मी त्यांना बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीचं उदाहरण देऊन समजावलं. आत कोण बसलंय, रजिस्टर कुठं ठेवलंय, हे बाहेरच्याला दिसत नाही. त्याने नंबर विचारायचा, खिडकीने उत्तर द्यायचं. शेतकरी मोबाइलवरून मेसेज करून विचारेल, गोदामातला कॉम्प्युटर विचारेल, उद्या वेबसाइट विचारेल. खिडकी एकच, म्हणजे उत्तरही एकच. शांतिलालजींना ते 'उत्तर एकच' फार आवडलं. खरं सांगायचं तर मलाही माझं बोलणं फार आवडलं. ती एकच खिडकी खोटं बोलली तर काय, हा प्रश्न त्या खोलीत कुणाला पडला नाही.

खरी उत्तरं होती प्रयोगशाळेतल्या बेबीनंदाकडे. ती शहागडची, शेतीतली पदवी घेतलेली, वडील बद्रीनाथ तिथेच गोदाकाठी सहा एकर कसणारे. प्रत्येक लॉटमधले दाणे शंभर-शंभर मोजून ती ओल्या कागदात गुंडाळून ठेवायची आणि आठव्या दिवशी किती उगवले ते मोजायची. सोयाबीनचे शंभरात सत्तर उगवले तर लॉट पास. रोज संध्याकाळी गोदाम सांभाळणारे अप्पाराव डायरी घेऊन तिच्याकडे यायचे, चहा प्यायचे, नापास नंबर उतरवून घ्यायचे आणि जाऊन त्या थप्पीला लाल सुतळी बांधायचे. लाल सुतळीची थप्पी ट्रकमध्ये चढत नसे. वीस वर्षं चाललेली रीत. मी तिला दोन दिवसांत अडाणीपणा ठरवून टाकलं.

उत्तराच्या शेवटी बेबीनंदाचं नाव जावं, ही कल्पना शांतिलालजींची. लोक कंपनीवर नाही, माणसावर भरवसा ठेवतात, असं ते म्हणाले आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. बेबीनंदाला ते जड गेलं. दोन दिवस तिने होकार दिला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"वसंतभाऊ, माझं नाव टाकून राह्यले तर टाका. पण मंग मी जे लिहिते तेच गेलं पाहिजे. आमच्या गावात लोक माझ्या नावावर पेरतेत."

तुम्ही लिहाल तेच जाईल, मी म्हणालो. असा शब्द द्यायला मला काहीच जड गेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी सर्व्हर आला. लिनक्स चढवलं, डेटाबेस उभा केला आणि नव्या प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं. रिकाम्या फोल्डरचं सुख मी अजून विसरलेलो नाही. नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखं ते असतं, एकही पाऊल न उमटलेलं. एकेक फाइल मांडत गेलो. मेसेज आत येण्याची वाट, गोदामातून विचारण्याची वाट, प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवणारी वही. बेबीनंदाला तिच्या कॉम्प्युटरवर निकाल भरायला वेगळा फॉर्म करून दिला. ती जुन्या रजिस्टरमधले निकाल त्यात भरायला लागली.

आणि मग अक्षय तृतीया आली. शांतिलालजींच्या घरी ती आखातीज. त्या दिवशी हंगामातली पहिली बॅग बाहेर पडायची आणि ऑफिसात एक दिवा लागायचा. त्यांच्या आई भगवतीदेवी तो स्वतः लावायच्या आणि गोदाम रितं होईस्तोवर तो विझू द्यायच्या नाहीत. मुहूर्तावर जे सुरू झालं ते तोवर थांबवायचं नाही, असा त्यांचा नेम. तराजूसुद्धा त्या दिवशी मांडला की शेवटची बॅग गेल्यावरच जागचा हलायचा. यंदा मुहूर्त मशीनचाही होता, सकाळी अकरा वाजून सोळा मिनिटांचा.

माझी अडचण अशी की बेबीनंदाचे निकाल अजून भरून झाले नव्हते आणि मी प्रोग्राम त्या नोंदींना जोडलेलाही नव्हता. मुहूर्तावर कुणी नंबर विचारला असता तर खिडकी म्हणाली असती, नोंद नाही. मी हे भगवतीदेवींना प्रामाणिकपणे सांगितलं. म्हाताऱ्या बाईंचा चेहरा उतरला. पहिला बोल 'नाही' निघाला तर सगळा हंगाम नाहीच ऐकत बसावं लागतं, असं त्या म्हणाल्या. त्यात त्यांनी राग काढला नाही, हट्ट धरला नाही. नुसत्या काळजीने म्हणाल्या. मग मी एक ओळ लिहिली. कुणी काहीही विचारो, उत्तर एकच: पास, तपासणी बेबीनंदा.

सर्व्हरच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, नारळ फुटला. शांतिलालजींनी मोबाइलवरून एकशे एक नंबर पाठवला. चार-पाच सेकंदांत मेसेज आला, इंग्रजी अक्षरांतलं मराठी: लॉट १०१ पास. तपासणी: बेबीनंदा. भगवतीदेवींनी दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली. पेढे वाटले गेले.

दुपारी एक वाजता मी ती ओळ खोडली आणि तिच्या जागी खरं काम लिहिलं: बेबीनंदाच्या नोंदीत बघ, असेल ते सांग, नसेल तर नाही म्हण. पण चालू प्रोग्रामचं एक असतं. सुरू होताना तो सगळं एकदा वाचून डोक्यात ठेवतो. नाटक रंगात आल्यावर लेखकाने घरी बसून संवाद बदलले तरी नट जुनेच बोलणार, तसं. नवं बोलायचं तर एकदा पडदा पाडून पुन्हा उघडावा लागतो. दोन मिनिटांसाठी बंद करू का, म्हणून मी शांतिलालजींना विचारलं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आईला विचारा.

मी विचारलं नाही. म्हटलं, कशाला त्या म्हातारीच्या श्रद्धेला हात घाला. आणि जालन्यात राहून मशीन बंद करायची परवानगी कशाला मागायची? दोन वाजता लोडशेडिंग होतं, चांगलं तीन तासांचं, आणि यूपीएस वीस मिनिटांवर टिकत नव्हता. वीज जाईल, मशीन आपोआप पडेल, वीज आली की आपोआप उठेल आणि नवं बोलायला लागेल. सुंठीवाचून खोकला जाईल. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी दीडच्या बसने मावसभावाच्या लग्नाला अंबडला गेलो.

तिसऱ्या दिवशी परत आल्यावर पहिलं काम म्हणून तपासणी केली. बेबीनंदाला एक नंबर विचारला. एकशे बारा, ती म्हणाली, पास आहे. मी खिडकीला विचारलं. लॉट ११२ पास. बराबर. शितावरून भाताची परीक्षा करतात, ती मी केली. पण शीत शिजलेलंच मी निवडलं होतं.

आणखी चार दिवसांनी मला सर्व्हरच्या मागे एक जाड काळी तार दिसली. थंड गोदामाच्या जनरेटरवरून आलेली. अप्पाराव कौतुकाने म्हणाले, शेठजींनी खास ओढून घेतली, मुहूर्ताची मशीन बंद पडू नये म्हणून. ती तार नेमकी कधी ओढली, हे मी विचारलं नाही. विचारायला एक वाक्य लागलं असतं.

मे महिना असा शांत गेला की पूर्वी तसा गेला नव्हता. लोडशेडिंगमध्ये पंखे थांबायचे, ट्यूबलाइट जायच्या, माणसं वर्तमानपत्राने वारा घेत बसायची आणि त्या अंधारलेल्या ऑफिसात दोनच गोष्टी चालू असायच्या, कोपऱ्यातला दिवा आणि त्याच्या शेजारी घूं-घूं करणारा तो डबा. फोन वाजायचे थांबले. अप्पाराव चहाला येईनासे झाले; गोदामातल्या पडद्यावर नंबर टाकला की उत्तर मिळत होतं, मग अंगण ओलांडून कशाला यायचं? लाल सुतळीचं बंडल प्रयोगशाळेच्या खिडकीत पडून होतं. बेबीनंदा एकदा म्हणालीही, की अप्पाराव रुसले का काय. मी हसलो. प्रश्नांची वही मी रोज बघायचो. हजार प्रश्न झाले, दोन हजार झाले. शांतिलालजींना आकडा सांगितला की ते भगवतीदेवींना सांगायचे आणि त्या दिव्यात तेल घालायच्या. मी किती प्रश्न आले ते बघत होतो. उत्तरं काय गेली, ते एकदाही वाचलं नाही.

जूनच्या अठरा तारखेला दुपारी बेबीनंदा माझ्याकडे आली. पेरण्या निम्म्या उरकल्या होत्या. तिने सहज विचारलं, आतापर्यंत किती नापास उत्तरं गेली. मी वही उघडली, नापास शोधलं. एकही नव्हतं. मी म्हणालो, बघा, किती चांगला हंगाम.

ती हसली नाही. "एकबी न्हाई? मी चार लॉट नापास केलेत की."

तिने नंबर सांगितले. तीनशे अठरा त्यातला सगळ्यात वाईट, शंभरात एक्केचाळीस. मी खिडकीला तीनशे अठरा विचारला. लॉट ३१८ पास. तपासणी: बेबीनंदा. मग मी नऊ हजार नऊशे नव्याण्णव विचारला. असा लॉट आमच्याकडे कधी झालाच नाही. पास. शून्य विचारला. पास. म्हणजे मशीन मुहूर्तापासून एकदाही पडलीच नव्हती; ती काळी तार त्याच दिवशी दोनच्या आत ओढली गेली होती. मी नंबराच्या जागी माझं नाव लिहिलं. पडद्यावर आलं: लॉट वसंत पास. तपासणी: बेबीनंदा. ती माझ्या मागे उभी राहून हे सगळं वाचत होती.

आम्ही गोदामात गेलो. तीन नापास लॉट अजून जागेवर होते, सुतळीविना. तीनशे अठराची जागा झाडून स्वच्छ केलेली. अप्पाराव म्हणाले, तो तर एकोणतीस मेला गेला, दोनशे बारा बॅगा, अर्ध्या अंबड, अर्ध्या शहागड. आमचे चेहरे बघून त्यांनी डायरी काढली, उघडली आणि तशीच मिटली.

"खिडकी पास म्हनली, साहेब. मंग मी कोन?"

शांतिलालजींना सांगायला मला दोन मिनिटं लागली आणि ती मी आजवर बोललेली सगळ्यात लांब दोन मिनिटं होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी चौघांना फोनला बसवलं, अंबडच्या आणि शहागडच्या दुकानदारांना तीनशे अठरा विकू नका म्हणून सांगायला. मग मला म्हणाले, आधी ती बंद करा. भगवतीदेवी दिव्यापाशी वाती वळत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, मुहूर्ताची ओळ, दीडची बस, लोडशेडिंग. मग त्यांनी स्वतःच्या हाताने वात तेलात ओढून दिवा शांत केला.

"पूछ लेता, बेटा," त्या म्हणाल्या. "मी काय तुला खाऊन टाकलं असतं?"

मी बटण दाबलं. घूं-घूं थांबली. दोन मिनिटांनी पुन्हा चालू केलं आणि तीनशे अठरा विचारला. नापास. एवढंच काम होतं ते.

बेबीनंदाने मला वहीतून तीनशे अठरा विचारणारे मोबाइल नंबर काढून मागितले. सतरा निघाले. ती बोट लावून एकेक वाचत गेली आणि अकराव्यावर तिचं बोट थांबलं. अण्णांचा आहे, ती म्हणाली. म्हणजे तिचे वडील. दोन जूनला विचारलं होतं. त्याच नंबरने पंधराला परत विचारलं होतं. सोळाला परत. सतराला, म्हणजे कालच, परत. चारही वेळा खिडकीने त्यांना तिचं नाव सांगितलं होतं. तिने फोन लावला. वाजत राहिला, उचलला गेला नाही.

माझ्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रानं हिरवी दिसत होती, सोयाबीनच्या सरळ ओळी, आणि मी प्रत्येक रान बघून मनात म्हणत होतो, हे आपलं नाही, हेही आपलं नाही. अंबडच्या पुढे तिने मागून एवढंच विचारलं, की किती बॅगा थांबल्या असतील. ऐंशी-नव्वद, मी म्हणालो. बाकीच्या जमिनीत गेल्या होत्या, हे दोघांनाही कळत होतं.

बद्रीनाथ बांधावर बसले होते. मोबाइल घरीच खुंटीवरच्या सदऱ्यात राहिला असेल असं मला वाटलं होतं, पण तो त्यांच्या हातात होता. रानात वाजलेला ऐकू आला नव्हता म्हणाले. लेकीला अवेळी आलेली पाहून ते गडबडीने उठले. त्यांच्या मागे सहा एकर पसरलं होतं. नऊ दिवसांपूर्वी पेरलेलं. दोन रोपं, मग हातभर काळी माती. एक रोप, मग पुन्हा माती. पाऊस वेळेवर झाला होता, ओल चांगली होती, आणि ती आता उडत चालली होती.

ती काही बोलायच्या आत तेच बोलायला लागले, चूक कबूल करावी तसे. "माझंच चुकलं, बेबी. तिफन खोल चालली असंल. बी तर बराबर होतं. चारदा इचारलं मी."

गावात आणखी नऊ जणांनी त्यांच्याच सांगण्यावरून तेच बी पेरलंय आणि ती मंडळीही आपापल्या तिफणीला दोष देतायत, असं ते म्हणाले. मग मी सांगितलं. बी नापास होतं. तिने नापासच लिहिलं होतं. खोटं मी वदवलं, तिच्या नावाने.

त्यांना ते पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मोबाइल डोळ्यांजवळ धरून, एकेक बटण दाबून, त्यांनी पाचव्यांदा तीनशे अठरा पाठवला. आम्ही तिघं त्या लहानशा पडद्याकडे बघत उभे राहिलो. मेसेज आला. लॉट ३१८ नापास. तपासणी: बेबीनंदा.

त्यांनी तो दोनदा वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला. बांधावरच्या लिंबाला एक गोणपाट टांगलेलं होतं, कोरडं ठणठणीत. त्याच्याकडे बघत ते लेकीला म्हणाले,

"दरसाल शंभर दाने मोजून मी वल्ल्या गोनपाटात घालतो. तुला बी मोजायला मीच शिकवलं. औंदा न्हाई घातले. तुझं नाव आल्तं, म्हनून."

बेबीनंदा खाली बसली. ओढणी खांद्यावर टाकून तिने पेरणीच्या तासातली माती बोटाने उकरली आणि कुजलेले, फुगलेले, तसेच राहिलेले दाणे एकेक करून बाहेर काढून मोजायला लागली. किती निघणार, हे तिला महिन्याभरापासून ठाऊक होतं.